वाजवून पाहिलेली भांडी

१२ जानेवारी

प्रदर्शनातली पहिली खोली मला मिळाली. आज पक्कं झालं.

मापवाल्या बाई सकाळी येऊन गेल्या. प्रदर्शन त्याच भरवताहेत. सदानकदा हातात फीत, समोर येईल त्याची लांबी-रुंदी घ्यायची, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात हे नाव दिलंय. विषय एकच, भाजलेली माती. खोल्या तीन. पहिलीत रोज वापरायची भांडी, म्हणजे मी. दुसरीत शिल्पं, ती ताडमाडची; हेही नाव माझंच. शिकत असताना ती माझ्या शेजारच्या चाकावर बसायची. उंची तेव्हाही एवढीच होती, चालते मात्र आता छताला डोकं लागेल अशा बेताने. तिसऱ्या खोलीत कारखान्यातला माल: विजेच्या खांबावरचे इन्सुलेटर, भट्टीच्या विटा, फरशा, धातू वितळवायच्या मुशी. ते सगळं आणणार एक निवृत्त इंजिनिअर, त्यांना सगळे कारखानेवाले म्हणतात. त्यांनी एक कमोडही आणलाय. तो वापरातला म्हणून पहिल्या खोलीत ठेवायचा की कारखान्यातला म्हणून तिसऱ्या, यावर बैठकीत बराच वेळ गेला. मी सांगून टाकलं, माझ्या कपांशेजारी तो नको. वापर दोन्हींचा होतो हे मान्य, पण जगात काही क्रम असतो.

जन्मभर लोक माझ्या कपातून चहा पीत आले, कपाकडे कोणी बघितलं नाही. बघू नयेच. कप चांगला असला की तो हातात आहे हे विसरायला होतं. पण एकदा, एकदाच, लोकांनी हात मागे बांधून माझ्या कपासमोर उभं राहावं असं मला वाटतं. एकोणसाठाव्या वर्षी असली हौस कोणापुढे बोलणार? म्हणून ही वही काढली. शिवाय हल्ली बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं. बोलताना समोरचा मध्येच काहीतरी विचारतो आणि धागा तुटतो.

पंधरा फेब्रुवारीला दारं उघडणार. खोली भरली नाही तर तिथे कारखानेवाल्यांच्या फरशा लावू, असं मापवाल्या बाई हसत हसत म्हणाल्या. हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला समजलं नाही.

१६ जानेवारी

किटली जळाली. आधण ठेवून मी शेडमध्ये ग्लेझ, म्हणजे भांड्यावर चढवायचा काचेसारखा लेप, ढवळत होते. शिट्टी वाजलीच नाही. नवी आहे किटली. जुनीची शिट्टी वाजेना म्हणून ती टाकून ही घेतली, तर ही तिच्याहून मुकी. हल्ली वस्तूच अशा येतात.

सूनबाई धावत आली, गॅस बंद केला, मग माझ्या खांद्याला हात लावून काहीतरी म्हणाली. ही तिची नवीन सवय. आधी खांद्याला हात, मग अगदी समोर उभं राहून बोलणार, जणू मी शाळेतली पोर आहे. आणि एवढं करून बोलणार तोंडातल्या तोंडात. लग्न होऊन आली तेव्हा हिचा आवाज किती स्वच्छ होता. आता अर्धी वाक्यं गिळते. मी दोनदा 'काय?' म्हणते, तिसऱ्यांदा मान हलवून मोकळी होते. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते.

मुलगा बोटीवर असतो, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. जेवताना ती काही बोलली की हे लगेच आपल्या घोगऱ्या आवाजात तेच परत म्हणतात. "ती म्हणतेय, उद्या पाणी उशिरा येणार आहे." सासऱ्याची आणि सुनेची जोडी अशी जमलीय की विचारू नका. मी म्हटलं, "तिला तोंड आहे ना?" ह्यांनी आमटी वाढून घेतली.

तशी ती कामाची आहे. दोन वर्षांपासून शेडमध्ये मदत करते. माती मळते, फळ्या लावते, हात हलका आहे. फक्त बोलेल तर नीट बोलावं.

२१ जानेवारी

पहिली भट्टी लागली. एकदा भाजून फळीवर ठेवलेली भांडी भरपूर आहेत, तेवढी एक चिंता नाही. ग्लेझ चढवायचं, पुन्हा भाजायचं. कप, वाडगे, बशा, दोन मोठे थोरले वाडगे सगळ्यात खाली. दिवसभर झरोक्यातून ज्वाळेचा रंग बघत बसले. अशा दिवशी मला जेवण सुचत नाही.

संध्याकाळी भट्टी बंद करून हात धुवायला गेले. परत येते तर सूनबाई गॅसच्या व्हॉल्व्हपाशी वाकलेली. "काय गं?" तर तिने खाली बोट दाखवून पुष्कळ काही सांगितलं. चेहरा घाबरलेला. मी म्हटलं, "बरं." दमले होते, नीट लक्ष गेलं नाही. पण एक गोष्ट मला खटकली. बंद केलेल्या भट्टीशी कोणी खेळू नये. ती आपल्या गतीने गार व्हावी लागते. गरम असताना कुठून गार हवा शिरली तर भांड्याला भेग जाते, आणि ती डोळ्याला दिसत नाही.

२३ जानेवारी

काय लिहू.

दार उघडलं तेव्हा मी खरंच टाळ्या पिटल्या. असा निळा-करडा मला जन्मात मिळाला नव्हता. काठावर तांबूस धार. ह्यांनासुद्धा बोलावून दाखवलं. मग पहिला कप तळव्यावर घेतला आणि टिचकी मारली.

बद्द.

दुसरा घेतला. बद्द. मी शिकले त्या मास्तरांचा एकच नियम होता: वाजवून पाहिल्याशिवाय भांडं घराबाहेर जात नाही. साबूत भांडं टणकन वाजतं आणि आवाज थोडा वेळ हवेत राहतो. भेग असलेलं लाकडासारखं वाजतं आणि तिथेच थांबतं. दिसायला दोन्ही सारखी. भेगेचं भांडं आज गळत नाही, पण दोन महिन्यांनी कोणाच्या तरी हातात, कढत चहासकट, उकलतं. मास्तर म्हणायचे, तू ऐकलं नाहीस तर गिऱ्हाईक ऐकेल.

एकूण एक कप बद्द. बशा बद्द. लहान वाडगे बद्द. वाजले फक्त ते दोन थोरले वाडगे, घुमले चांगले. आणि हेच मला कळत नाही. भेग जायची तर आधी मोठ्या भांड्याला जाते, लहान सुटतात. इथे सगळं उलटं.

सूनबाईने एक कप उचलून टिचकी मारली, आणि मला काहीतरी म्हणाली. मग ह्यांनी सांगितलं, "ती म्हणतेय, तिला तर खणखणीत वाटतंय." मी म्हटलं, कान तयार व्हायला वीस वर्षं लागतात. कालची पोर मला शिकवणार?

हातोडी घेऊन मागच्या भिंतीपाशी गेले. एकेक फोडला. एक कप फक्त मागे ठेवला, मातीवाल्याला दाखवायला. निळे तुकडे उन्हात इतके सुंदर दिसत होते की मला रडू आलं. हे दारात उभे होते. एकदा पुढे आले, मग परत गेले.

२४ जानेवारी

जेवले नाही. बोलले नाही कोणाशी.

२७ जानेवारी

मातीवाला येऊन गेला. ही भांडी ज्या मातीची, ती त्याचीच. मी कप पुढे केला आणि म्हटलं, "वाजवून बघा, भाऊ." त्याने टिचकी मारली, पुन्हा मारली, मान वाकडी करून ऐकलं. त्याचा आवाज मोठा आणि जाड आहे, त्याचं सगळं बोलणं समजतं. म्हणाला, "ताई, देवळातली घंटा वाजावी तसा वाजतोय. ह्याला काय झालंय?"

विकणारा आपला माल खराब आहे असं कधी म्हणतो का? मी बोलायचं ते बोलले. त्याच्या तोंडावर, त्याचा बाप मला माती द्यायचा तो असा नव्हता असंही बोलले. तो कपही मी तिथेच फोडला, आणि तो टेम्पोत बसला. जाताना त्याने सूनबाईकडे बघितलं आणि तिने त्याच्याकडे. दोघांनी एकमेकांना काय सांगितलं देव जाणे.

आता डोक्यात एकच किडा वळवळतोय. माती त्याची जुनीच. ग्लेझ माझंच. भट्टी तीच. मग बदललं काय? व्हॉल्व्हपाशी कोण वाकलं होतं?

ती असं मुद्दाम का करेल? नाही करणार. पण चुकून झालं असेल आणि सांगायची हिंमत नसेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. चार दिवस ती माझ्यासमोर येते, थांबते, काहीतरी बोलायला जाते, आणि फिरून जाते.

३१ जानेवारी

दुसरी भट्टी. ह्या खेपेला मी शेडला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. सूनबाईने कुलूप बघितलं. काही म्हणाली नाही, किंवा म्हणाली असेल.

मापवाल्या बाईंचा फोन. फोनवर तर त्यांचं बोलणं म्हणजे नुसती कुजबुज. मी सगळ्याला 'हो हो' म्हटलं. कशाकशाला हो म्हटलं ह्याची आता धास्ती वाटतेय. शेवटी ह्यांना फोन करायला लावला. पत्रिकेवर माझ्या दुधाच्या जगाचा, त्या चोच असलेल्या उंच भांड्याचा, फोटो हवाय म्हणे. जगावर अजून ग्लेझही चढलेलं नाही.

झोप नीट येत नाही. बायकांनी हळू बोलायची फॅशन काढली आहे का काय कळत नाही. कारखानेवाले बैठकीत बोलतात तर शब्दन् शब्द पोचतो, ताडमाड बोलते तर हवा.

२ फेब्रुवारी

पुन्हा तेच. रंग सोन्यासारखा, आवाज बद्द.

कुलूप होतं, किल्ली माझ्याकडे होती, तरी बद्द. म्हणजे ती नव्हेच, असं शहाण्या माणसाने म्हटलं असतं. पण मी शहाणी राहिले नव्हते. मला आठवलं की दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडले होते आणि किल्ली खुंटीला होती. मी तिला बोलावलं आणि सरळ विचारलं, "तू भट्टीचं दार उघडलंस?"

 ती बोलायला लागली. ओठ हलताना दिसत होते, चेहरा लाल, आणि माझ्यापर्यंत तुकडे येत होते. मी म्हटलं, "आधी मोठ्याने बोलायला शीक. खोटं बोलणारी माणसंच पुटपुटतात."

त्यावर ती जे बोलली ते मात्र शेजारच्या घरातही गेलं असेल. "मी पुटपुटत नाही, आई. मी ओरडतेय. दोन वर्षं मी तुमच्याशी ओरडूनच बोलतेय."

आणि निघून गेली.

उलट उत्तर दिलं म्हणून मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी हे तिला चार शब्द सुनावतील. हे म्हणाले, "तू आत्ता गप्प बस." तीस-बत्तीस वर्षांत मला असं कधी बोलले नव्हते. मग जरा वेळाने जवळ आले आणि म्हणाले, "प्रदर्शन होऊन जाऊ दे. मग आपण नीट बोलू." "कशाबद्दल?" तर चपला घालून बाहेर निघून गेले.

सगळी भांडी फोडली. हात दुखतोय.

५ फेब्रुवारी

फळीवर आता शेवटची थोडी भांडी उरलीत. कप, दोन-चार वाडगे आणि तो जग. ग्लेझ चढवून भट्टीत लावली, पेटवली मात्र नाही. एकटीनेच. सूनबाई शेडकडे फिरकत नाही. स्वयंपाक करते, वाढते, आपल्या खोलीत जाते. घरात इतकं शांत कधीच नव्हतं.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आले. आता वाटतं, माझाच हात गेला. मातीचा अंदाज गेला. पहिल्यांदा कोणी बघायला येणार आणि नेमकी तेव्हाच मी संपले. 

खोली सोडून द्यावी हे बरं. परवा प्रत्यक्ष जाऊन सांगते. फोनवर सांगितलं तर पुन्हा कशाला तरी 'हो' म्हणून बसेन.

७ फेब्रुवारी

हे सावकाश लिहायला हवं.

सकाळी प्रदर्शनाच्या सभागृहात गेले. पहिल्या खोलीत माझे आधी पाठवलेले ते दोन थोरले वाडगे फळीवर होते, बाकी फळ्या रिकाम्या. मापवाल्या बाई तिथे नव्हत्या. दुसऱ्या खोलीत सगळे जमले होते: त्या, कारखानेवाले, दोन सुतार, दिवे लावणारा. ताडमाड शिडीवरून उतरत होती. तिने छतापासून पोर्सिलेनची पानं टांगलीत, तंगुसाच्या दोऱ्यांवर, नखासारखी पातळ, किती असतील तेवढी. तिने एका कोपऱ्यातला पंखा सुरू केला.

पानं हलायला लागली. एकमेकांवर आपटायला लागली. सुताराने हातोडी खाली ठेवली. मापवाल्या बाईंनी फीत गुंडाळून मुठीत धरली. कारखानेवाल्यांची मान वर गेली आणि तोंड किंचित उघडं राहिलं. ताडमाडने डोळे मिटले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, लहान मूल झोपलेलं असताना दारातून बघावं तसा.

मला वाटलं, अजून सुरू व्हायचंय.

मी थांबले. पानं आपटतच होती. मला पंख्याची घरघर येत होती, बाहेरच्या ट्रकचा आवाज येत होता. माझ्या डोळ्यांसमोर पानावर पान आपटत होतं, आणि आवाज नव्हता. मी पुढे गेले, अगदी खाली जाऊन उभी राहिले. एक पान माझ्या केसांना लागलं. तरी नाही. मग पंखा बंद झाला, पानं थांबली, आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. सुतार दुसऱ्या सुताराला म्हणाला, "अंगावर काटा आला रे." ते मला व्यवस्थित ऐकू आलं.

मी तिसऱ्या खोलीत गेले. इन्सुलेटर ओळीने मांडले होते, पुरुषभर उंचीच्यापासून मुठीएवढ्यापर्यंत. मोठ्यावर टिचकी मारली, घुमला. मधल्यावर मारली, जरा कमी. सगळ्यात लहानावर मारली. बद्द. कारखानेवाले मागून आले होते. मी विचारलं, "हा लहान फुटका आहे का हो?" त्यांनी स्वतः वाजवला. "छे, ताई. हा तर सगळ्यात गोड वाजतो."

मी भिंतीला टेकले. दोन भट्ट्या. तो निळा-करडा. मी चांगली भांडी फोडली. एकूण एक चांगली होती आणि मी ती माझ्या हाताने, नीट एकेक करून फोडली.

खोली सोडते असं कोणाला सांगितलं नाही. तशीच घरी आले आणि ह्यांना विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी कशाबद्दल असं विचारलं नाही. म्हणाले, "दोनेक वर्षं. हळूहळू. बारीक आवाज आधी गेले. मागच्या वर्षी मी डॉक्टरचं नाव काढलं, तर तू महिनाभर माझ्याशी अबोला धरलास."

ते खरं आहे. मला वाटलं होतं, हे मला म्हातारी म्हणताहेत.

"आणि मी फोडत होते तेव्हा?"

"टिचकीचं आणि त्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही गं. तू सांगतेस म्हणजे फुटकं असणार, एवढंच मला कळतं. सूनबाईच्या डोक्यात आलं, दुसऱ्या खेपेला. पण तू तिला चोर ठरवून बसलीस. ती सांगणार कशी? तू म्हणाली असतीस, स्वतःवरचं माझ्यावर ढकलते. मी म्हटलं, प्रदर्शन होऊ दे. तू इतकी खूश मला कितीतरी वर्षांनी दिसली होतीस."

दोघंही रडलो. त्यांचा दोष किती आणि माझा किती, हे मोजायची ताकद आज नाही.

८ फेब्रुवारी

सकाळी मातीवाल्याकडे माणूस पाठवणार होते, मग स्वतःच गेले. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई," आणि चहा मागवला. इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

घरचं सोपं नव्हतं. सूनबाई कपडे वाळत घालत होती. मी समोर जाऊन उभी राहिले, जशी ती माझ्यासमोर राहते. म्हटलं, "मी तुझ्यावर आळ घेतला. माझं चुकलं."

ती कपडा पिळत राहिली. मग सावकाश, माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "त्या दिवशी खालचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहिला होता. गॅस सुसू करत बाहेर येत होता. मी तो बंद केला. तुम्हाला सांगितलं, तुम्ही 'बरं' म्हणालात."

 कोणी काडी ओढली असती तर शेडसकट आम्ही सगळे गेलो असतो. आणि मी तिच्यासाठी कुलूप आणलं.

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण म्हणाली, "मला राग आलाय, आई. लगेच नाही जाणार तो."

"नको जाऊ दे," मी म्हटलं. "पण आज भट्टी पेटवते, परवा उघडायची आहे. भांडी तू वाजव. मी ऐकू शकत नाही, आणि वाजवल्याशिवाय मी ती बाहेर नेणार नाही."

"माझा कान तयार नाही म्हणालात."

"नाहीच आहे. तरी तूच वाजव."

१० फेब्रुवारी

भट्टी उघडली. ह्या खेपेचे कप जरा फिके आलेत, मन उदास झालं. पण तो जग. त्याच्यावर तोच निळा-करडा, आणि ओठापासून पोटापर्यंत तांबूस ओघळ असा उतरलाय की मी दारातच बसून राहिले. असं भांडं एखाद्याच्या वाट्याला जन्मात एकदा येतं. पहिली खोली त्याच्या एकट्याच्या जिवावर उभी राहिली असती. पत्रिकेवर फोटोही त्याचाच जायचाय.

टेबलावर मधोमध भांडी मांडली. मी सांगितलं, चांगलं वाजेल ते उजवीकडे, नाही वाजणार ते डावीकडे. कसं धरायचं ते दाखवलं: तळव्यावर, बोटं न टेकवता, नाहीतर आवाज मरतो. तिने पदर खोचला आणि सुरुवात केली.

मला करायला काही नव्हतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. टिचकी मारली की ती मान जराशी कलती करते आणि डोळे बारीक करते, हे मी पहिल्यांदाच बघितलं. कप उजवीकडे. कप उजवीकडे. वाडगा उजवीकडे. एका बशीशी थांबली, दोनदा वाजवली, उजवीकडे ठेवली. 

जग तिने सगळ्यात शेवटी घेतला. टिचकी मारली. थांबली. दुसऱ्या बाजूने मारली. मग तळाशी. तिचे डोळे बारीक झालेच नाहीत. तिने जग खाली ठेवला आणि पुन्हा उचलला, आणि माझ्याकडे बघितलं.

तिला माहीत होतं तो जग मला किती हवाय. हे दारात उभे होते, त्यांनाही माहीत होतं. तिने तो उजवीकडे ठेवला असता तर मला कधीच कळलं नसतं. प्रदर्शनात त्याच्यात कोणी दूध ओतत नाही. वर्षानुवर्षं तो फळीवर उभा राहिला असता. आणि माझ्यावरचा राग काढायचा तर तिने बाकीची सगळी भांडी डावीकडे ठेवली असती, तेही मला कळलं नसतं. हे सगळं माझ्या मनात आलं. ते आलं ह्याची मला लाज वाटते, पण आलं.

तिने जग डावीकडे ठेवला.

"नक्की?" मी विचारलं.

ती टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आली. "नक्की, आई. खूप बारीक आहे, पण आहे."

पाणी भरून चार दिवस ठेवता आलं असतं. कारखानेवाल्यांना बोलावून त्यांच्याकडून वाजवून घेता आला असता. हे तेच सुचवत होते.

मी जग उचलून मागच्या भिंतीपाशी नेला आणि फोडला.

परत आले तेव्हा सूनबाई टेबलापाशी तशीच उभी होती, दोन्ही हात तोंडावर धरून. मी तिला म्हटलं, "कागद आण. उजवीकडची गुंडाळायला घेऊ." मापवाल्या बाईंना उद्या सांगावं लागेल, पत्रिकेवर कपाचा फोटो घाला म्हणून.